आजोबांची बंदूक: किती दुरुस्त करायची, किती राहू द्यायची?

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या घरांत एखादं कपाट असं असतं, की त्याची किल्ली कुठे आहे हे फक्त आजोबांना ठाऊक असतं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते उघडतं. कापडात गुंडाळलेली बंदूक बाहेर येते, तिला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं. मुलं लांबून बघतात. दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं वाटायच्या गडबडीत ती पुन्हा कपाटात जाते आणि वर्षभर तिची आठवण कुणाला होत नाही. आठवण होते ती आजोबा गेल्यावर. मग घरात तीन प्रश्न एकदम उभे राहतात. ही आता कुणाची? हिला गंज चढलाय, दुरुस्त करून घ्यायची का? आणि मुळात ही घरात ठेवलेली चालते का?

हे तीन वेगळे प्रश्न वाटतात, पण तसे ते नाहीत. बंदूक किती दुरुस्त झाली यावर ती कायद्याच्या नजरेत काय आहे हे ठरतं, आणि ती कुणाच्या नावावर आहे यावर तिला कोण हात लावू शकतो हे ठरतं. म्हणून आधी बंदुकीबद्दल थोडं बोलू, मग कागदांबद्दल.

जबलपूरला बंदुकीची नवलाई नाही. १९०४ पासून इथे गन कॅरेज फॅक्टरी आहे. गन कॅरेज म्हणजे तोफेचा गाडा. सुरुवातीला गाडे बनवणाऱ्या या कारखान्यातूनच 'धनुष' ही १५५ मिलिमीटरची तोफ तयार होऊन एप्रिल २०१९ मध्ये पहिल्या सहा तोफा लष्कराच्या हवाली झाल्या. दुसऱ्या महायुद्धात खमरियाची दारूगोळा फॅक्टरी आली, पुढे लष्करी गाड्यांची. खडकी, अंबाझरी, वरणगाव, भुसावळ अशा बदल्यांच्या साखळीतून कितीतरी मराठी कुटुंबं इथे आली आणि निवृत्तीनंतर इथलीच झाली. त्यांच्याही आधीची मराठी वाट आहेच. १७८१ मध्ये पेशव्यांच्या सागरच्या सुभेदारांनी गढा-मंडल्याचं राज्य घेतलं, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या युद्धानंतर इंग्रजांकडे.

पण घराघरांतल्या बंदुका ना फॅक्टरीतून आल्या, ना भोसल्यांच्या फौजेतून. त्या आल्या मंडला, शिवनी, बालाघाटच्या जंगलांमुळे. मालगुजार, वकील, जंगल खात्यातले साहेब यांच्याकडे एक बारा बोअरची दुनळी असायचीच. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि या बंदुकांचं काम एका फटक्यात संपलं. फार बरं झालं, यात शंका नाही. मात्र तेव्हापासून ज्या बंदुका कपाटात गेल्या, त्यातल्या अनेकींचा बार गेल्या पन्नास वर्षांत निघालेला नाही. आज वारसाहक्काने हाती येते ती बहुधा अशीच बंदूक.

नळीत काय काय लिहिलेलं असतं

जाणकार मिस्त्री बंदूक हातात घेतो तेव्हा तो चाप ओढून बघत नाही. ती रिकामी आहे याची आधी खात्री करतो, मग नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करतो आणि त्या उलट्या करून खालच्या बाजूला काय ठसे आहेत ते पाहतो. बंदुकीची जन्मपत्रिका तिथे असते. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं, लंडनचं त्याहून जुनं. बेल्जियममधल्या लीज शहराचा ठसा म्हणजे लंबगोलात ई-एल-जी ही तीन अक्षरं. प्रूफ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळीची परीक्षा घेणं. त्यात जी टिकली तिच्यावर ठसा. ही परीक्षा जुन्या काळ्या दारूवर झाली की नंतर आलेल्या बिनधुराच्या दारूवर, हेही ठशावरून कळतं. नुसत्या काळ्या दारूला पास झालेल्या नळीत आजचं काडतूस घालणं म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचं इंजिन जोडण्यासारखं आहे.

त्यात नळी 'दमास्कस'ची असेल तर अधिकच जपायला हवं. अशा नळीवर नीट प्रकाश पडला की पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी दिसते. ती वरून काढलेली नसते. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, गजाभोवती स्प्रिंगसारख्या गुंडाळायच्या आणि घणाखाली एकजीव करायच्या, अशी ती नळी घडायची. नक्षी म्हणजे त्या जोडांच्या रेषा. शंभर-सव्वाशे वर्षांत या जोडांत आतून गंज शिरला असेल, तर तो बाहेरून दिसत नाही. म्हणून दमास्कस नळीची बंदूक घरी असेल तर ती बघावी, जपावी, पण उडवू नये. खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं सहज बसतात म्हणून ती चालतीलच असं नाही. जुन्या इंग्रजी बंदुकांची काडतुसाची खोली बहुतेक वेळा अडीच इंचांची, आजची काडतुसं त्याहून लांब. बसताना बसतं, उडताना त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब भलताच वाढतो.

आता 'बारा बोअर' म्हणजे काय? मला पूर्वी वाटायचं तो इंचाचा काही हिशेब असेल. तसा तो नाही. नळीच्या तोंडात नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्यायची. अशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं की ती बारा बोअर. म्हणून सोळा बोअर ही बारा बोअरपेक्षा लहान. आकडा वाढतो तशी नळी बारीक होत जाते.

ठसे वाचून झाले की मिस्त्री दुसऱ्या दोन गोष्टी करतो, आणि त्या बघायला मजा येते. नळ्यांची जोडी एका बोटावर अधांतरी टांगून तो लाकडी काडीने हलकीच टिचकी मारतो. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर दोन नळ्यांमधला पट्टीचा जोड शाबूत आहे. खरखर आली तर कुठेतरी झाळ सुटली आहे आणि त्या फटीत ओल बसली आहे. मग तो नळी खिडकीकडे धरून आतून बघतो. आतला प्रकाश वर्तुळावर वर्तुळ असा पडतो. एखादं वर्तुळ मोडलेलं, दबलेलं दिसलं की तिथे पोचा आहे. बाहेरून हात फिरवून जो पोचा लागत नाही, तो असा डोळ्यांना लागतो. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. लागतात ती वर्षं.

हे हात आले कुठून

आपल्याकडे बंदूक परदेशातून आली हे खरं, पण ती घडवण्याची विद्या इथे फार लवकर रुजली. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. तिथल्या कारागिरांचं काम बघून अल्बुकर्क इतका खूश झाला, की गोव्यात बनलेली बंदूक त्याने नमुन्यादाखल आपल्या राजाकडे पोर्तुगालला पाठवली. मराठ्यांच्या काळात पेशव्यांचा तोफखाना पानशांकडे होता. पुण्याजवळ सोनोरीचा मल्हारगड या पानशांनीच बांधला. महादजी शिंद्यांनी द बॉयनच्या हाताखाली आग्र्याला तोफा-बंदुकांचे कारखाने उभे केले आणि तिथला माल युरोपातल्या मालाच्या तोडीचा असल्याचं इंग्रजांनीच लिहून ठेवलं.

बोलीत या विद्येच्या खुणा अजून आहेत. तोड्याची बंदूक म्हणजे पेटत्या दोरीने बार काढायची. रंजक म्हणजे कानावर टाकायची चिमूटभर बारीक दारू. ठासणीची म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरून गजाने ठासायची. कोकणात रानडुकरांपासून शेती राखायला शेतीसंरक्षण परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका आजही आहेत. 'कान भरले', 'बार फुसका निघाला' असं आपण म्हणतो. पहिल्याचा संबंध बंदुकीशी नाही, दुसऱ्याचा आहे.

मग हे कारागीर गेले कुठे? १८५७ नंतर लोकांकडची शस्त्रं काढून घेण्यात आली. जबलपूरला ती आठवण फार जवळची आहे. १८ सप्टेंबर १८५७ रोजी गोंड राजे शंकरशाह आणि त्यांचे चिरंजीव रघुनाथशाह यांना इथेच तोफेच्या तोंडी दिलं गेलं. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदूक बाळगायची तर परवाना लागेल असं ठरवलं. गिऱ्हाईकच उरलं नाही, तर भट्टी कुणासाठी पेटवायची? घडवणारे लोहार दुरुस्ती करणारे मिस्त्री झाले. ज्या थोड्या ठिकाणी घडवण्याचं काम टिकलं, तिथे मीर कासिमच्या वेळेपासून बंदुका करणारं बिहारचं मुंगेर आहे, आणि श्रीनगरच्या रैनावारीतला बंदूकखार मोहल्ला आहे. काश्मिरी अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता तर आजही जाणकारांना हवाहवासा असतो. त्या लाकडाला मार सोसायची ताकद आहे, आणि त्याची नसही सुंदर.

स्वातंत्र्यानंतर सामान्य परवानाधारकाची बंदूक झाली ती बंगालमधल्या इशापूरची .३१५ रायफल. तिचा आकडा असा विचित्र का, याचं उत्तर इंग्रजांच्या भीतीत आहे. फौजेचं काडतूस .३०३ चं. तेच सर्वसामान्यांच्या बंदुकीत बसलं तर छावणीतून चोरलेली काडतुसं बाहेर चालतील. म्हणून लोकांसाठी मुद्दाम वेगळं माप. ती भीती गेली, माप मात्र राहिलं.

कपाटाच्या किल्लीचा प्रश्न

आमच्या ओळखीच्या एक काकू सिव्हिल लाइन्समध्ये एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. काका गेले त्याला वर्ष होत आलं होतं. सासऱ्यांनी शिवनीकडच्या मालगुजारीच्या दिवसांत घेतलेली बर्मिंगहॅमची दुनळी, बाहेर घोडे असलेली, काकांच्या नावावर होती. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी पुण्यात. मुलाचं म्हणणं, चकचकीत पॉलिश करून, निकेल चढवून मला पाठवून दे, दिवाणखान्यात लावीन. मुलीचं म्हणणं, आहे तशी असू दे, मी नावावर करून घेते. काकूंचं म्हणणं आणखी वेगळं होतं.

"अगं, लायसन्स आहे ना घरात! यांनी दर वेळी वेळेवर रिन्यू केलंय. मग मला काय करायचंय?"

लायसन्स होतं. पण ते काकांचं होतं. परवाना माणसाला असतो, घराला नसतो. ज्या दिवशी काका गेले त्या दिवसापासून ती बंदूक घरात ठेवायचा अधिकार कुणालाच नव्हता. शस्त्र कायदा, १९५९ चं कलम २१ सांगतं, की ताबा कायदेशीर राहिला नाही तर विनाकारण उशीर न करता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केल्याने ते हातचं जात नाही. वारसाला ठरलेल्या मुदतीत ते परत मिळवता येतं किंवा विकता येतं. उलट न सांगता घरात ठेवलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना शस्त्राला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला कुणी तुरुंगात टाकणार नाही असं आपण म्हणतो. पण ती बंदूक चोरीला गेली असती, किंवा घरकाम करणाऱ्या मुलाच्या हाती लागली असती, तर?

मुलाचा प्रश्न त्याहून लवकर सुटला. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. सासऱ्यांनी ती जुनीच विकत घेतली होती, ठशांवरून शंभरी केव्हाच उलटलेली. न्यू जर्सीचा दिवाणखाना तिथेच संपला. भाऊ थोडा हिरमुसला, पण बहिणीच्या अर्जाला त्याने ना-हरकत लिहून दिली.

हे सगळं काका असतानाच झालं असतं तर किती सोपं होतं! शस्त्र नियम, २०१६ मध्ये तशी सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं झाली, की तो हयातीतच कायदेशीर वारसांपैकी कुणाचं तरी नाव सुचवू शकतो आणि परवाना त्या वारसाला दिला जाऊ शकतो. आपल्याकडे मृत्युपत्राचा विषय काढला की "आत्ताच कशाला?" असं होतं. बंदुकीच्या बाबतीत 'आत्ताच' हेच उत्तर आहे. एक गोष्ट लक्षात ठेवायची: डिसेंबर २०१९ पासून एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त बंदुका असू शकत नाहीत, आणि वारसाहक्काने आलेल्याही त्या दोनातच मोजल्या जातात. ज्या घरात आजोबांच्या तीन होत्या तिथे एक कुणाला तरी सोडावी लागली.

आता सगळ्यात चमत्कारिक गोष्ट. याच कायद्याचं कलम ४५ जुनाट, पुराणवस्तू म्हणून किंमत असलेल्या किंवा मोडलेल्या शस्त्राला सूट देतं. पण अट अशी, की ते दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून चालता कामा नये. म्हणजे पणजोबांची ठासणीची बंदूक भिंतीवर टांगलेली आहे, तिचा घोडा अडकलाय, कान गंजून बुजलाय. तुम्ही कुणाकडून तरी तो मोकळा करून घेतलात, की ती भिंतीवरची शोभा राहत नाही. ती परवाना लागणारं शस्त्र होते. दुरुस्त करून चालण्यासारखी असेल तर ती आधीपासूनच शस्त्र होती. हे ठरवणं घरच्या माणसाचं किंवा शेजारच्या वेल्डरचं काम नाही. जिल्हाधिकारी कचेरीतल्या शस्त्र परवाना शाखेत विचारायचं, लेखी.

आणि दुरुस्तीलाही परवाना लागतो हे बहुतेकांना माहीतच नसतं. बंदूक दुरुस्त करणं हा कायद्याने परवान्याचा धंदा आहे. फॅक्टरीतून निवृत्त झालेले ओळखीचे काका कितीही कुशल असले, तरी त्यांच्या गॅरेजमध्ये बंदूक उघडायची नाही. हा शहाजोगपणा वाटेल, पण जबलपूरकरांनी याचं दुसरं टोक पाहिलं आहे. २०१८ मध्ये बिहारच्या मुंगेरमध्ये एके-४७ रायफली सापडल्या आणि पोलीस तपासाचा धागा इथल्या सेंट्रल ऑर्डनन्स डेपोपर्यंत आला. निवृत्त आर्मररला अटक झाली. टाकाऊ सुट्या भागांतून चालू शस्त्रं जुळवली गेल्याचा पोलिसांचा आरोप होता. ज्या हातांना जुनी स्प्रिंग बसवता येते त्यांना बाकीचंही येतंच. म्हणून तर त्या हातांची नोंद लागते.

मिस्त्रीने काय केलं नाही

काकूंची बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झाली. त्यांच्याकडे दुरुस्तीचाही परवाना आहे आणि एक वयस्क मिस्त्री आहे. बंदूक बघून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "बहनजी, इसको नया मत बनवाइए."

हेच सगळ्या विद्येचं सार असावं असं मला त्याचं काम बघताना वाटलं. आपल्याकडे जुनं दुरुस्त करणं म्हणजे चकाकवणं. बफिंग मशीनवर नळी धरली की पाच मिनिटांत आरसा होते. पण त्या पाच मिनिटांत ठसे बोथट होतात, कोपरे गोल होतात, दमास्कसची नक्षी पुसते आणि आधीच पातळ झालेली नळी आणखी पातळ होते. निकेल चढवलं की खाली काय होतं ते कायमचं झाकलं जातं. अशी बंदूक नवी दिसते, पण जाणकाराच्या लेखी तिची किंमत अर्ध्याहून खाली येते. आणि कोणी 'टोकाला पोचा आहे, दोन इंच कापून टाकू' म्हणालं, तर तिथून उठून यावं. नळीचं तोंड आतून किंचित आवळलेलं असतं, ते कापलं की छरे पांगतात. शिवाय विनापरवाना नळी कापून आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

मिस्त्रीने पहिल्यांदा स्क्रूंकडे पाहिलं. जुन्या इंग्रजी बंदुकांच्या स्क्रूची खाच केसासारखी बारीक असते. बाजारातला पेचकस त्यात घातला की खाच फाटते. त्याच्याकडे स्वतः घासून केलेले पेचकस होते, प्रत्येक मापाचा वेगळा. बंदूक पूर्वी कुणी उघडली होती हे तो स्क्रूच्या डोक्यावरून सांगतो. जखमा असतील तर अडाण्याने उघडली. यावेळी एकच स्क्रू जखमी निघाला. "किसी ने एक बार कोशिश की थी," तो हसून म्हणाला. कोणी ते काकू बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा बघून मला वाटतं काकांनीच असावी.

गंज त्याने तेलात भिजवून, दिवसेंदिवस थांबून, बोथट पितळी पट्टीने काढला. पितळ पोलादापेक्षा मऊ, म्हणून गंज सुटतो आणि नळीला ओरखडा येत नाही. नळ्या आतून कढत पाण्याने धुतल्या. हे ऐकून काकू दचकल्या: बंदुकीला पाणी? पण काळ्या दारूची राख आणि जुन्या काडतुसांच्या टोपीतलं क्षार हे दोन्ही पाण्यातच विरघळतात, तेलात नाही. वरून तेल लावलं की क्षार खालीच राहतो आणि नळी खात बसतो. पाणी कढत हवं, म्हणजे धातू तापून लगेच कोरडा होतो. मग तेलाचा पुसट हात.

दस्त्याला त्याने पॉलिश पेपर लावला नाही. जिथे लाकूड दबलं होतं तिथे ओलं फडकं ठेवून वरून तापलेली इस्त्री धरली. वाफेने लाकडाचे तंतू फुगतात आणि खड्डा वर येतो. मग जवसाच्या तेलाचे हात, रोज थोडे, तळव्याने चोळून. वार्निशची चमक त्याला मंजूर नव्हती. दस्त्याच्या मनगटापाशी जुनी चीर होती आणि ती कुणीतरी कधीकाळी पितळी तारेने घट्ट बांधून टाकली होती. शिवनीच्या एखाद्या गावच्या लोहाराचं काम असेल. बर्मिंगहॅमच्या नाजूक कोरीवकामाच्या शेजारी ती तार ओबडधोबड दिसते. मुलगी म्हणाली, ही काढून आतून चिकटवता येईल का? येईल, तो म्हणाला. पण तार इतकी वर्षं धरून आहे, आणि ती बांधणाऱ्याने आपलं काम चोख केलंय. तार तशीच राहिली.

आणि बंदूक चालू केली नाही. मुख्य स्प्रिंग त्याने ताण काढून, तेल लावून परत बसवली, पण तिच्यातून बार निघावा असं काहीही केलं नाही. दमास्कस नळी, काळ्या दारूचे ठसे, वर वय. मुलीने अर्जातही तेच लिहिलं आहे, की ही आठवण म्हणून जपायची आहे. अर्ज अजून कचेरीत आहे. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र झालं, पोलीस चौकशी झाली, आता थांबायचं.

मिस्त्रीकडे शिकायला कोणी नाही. त्याच्या मुलाने आयटीआय केलं आणि तो संगणकावर चालणाऱ्या लेथवर काम करतो, चांगलं कमावतो. बापाच्या कामाला महिन्यात जेमतेम दोन-तीन गिऱ्हाइकं. त्यातले निम्मे जण चकाकी मागतात आणि त्याने नाही म्हटलं की दुसरीकडे जातात. यात मुलाला दोष देता येत नाही. एखादी विद्या टिकायला तिचं गिऱ्हाईकही शहाणं असावं लागतं, आणि ते आपण आहोत.

बंदूक घरी ठेवणार असाल तर काही गोष्टी त्याच्याकडून कळलेल्या सांगते. चामड्याच्या सुंदर पेटीत ती कधी ठेवू नका. चामडं पावसाळ्याची ओल शोषतं आणि धरून ठेवतं. जबलपूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये पेटीतली बंदूक महिनाभरात तांबूस होते. सुती कापडात, नळ्या खाली करून, कुलपात ठेवा, म्हणजे तेल झिरपून दस्त्याच्या लाकडात जात नाही. काडतुसं वेगळ्या कपाटात, वेगळ्या किल्लीत. हात लावल्यावर पुसून ठेवा, घामाचं मीठ धातूवर बोटांचे ठसे सोडतं आणि ते गंजाने कायमचे होतात. लग्नाच्या वरातीत ती बाहेर काढायची नाही हे सांगायला नको, पण उत्तरेकडच्या वाऱ्यामुळे सांगावं लागतं. हर्षाने निष्काळजी गोळीबार करणाऱ्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

ठेवायची नसेल तर परवानाधारक विक्रेत्याला विकता येते. फार जुनी, वेगळी असेल तर संग्रहालयाला विचारता येतं. नागपूरच्या अजब बंगल्यात शस्त्रांचं दालन आहेच. पोलिसांकडे जमा करून हक्क सोडणंही अगदी सन्मानाचं आहे. ज्या घरात लहान मुलं आहेत, किंवा कुणाचं मन सध्या ठिकाणावर नाही, तिथे तर मी तेच सुचवीन.

मात्र काहीही ठरवण्याआधी आजोबा असतील तर त्यांच्यापाशी एक दुपार बसा. कुणाकडून घेतली, किती रुपयांना, कुठल्या दुकानातून? आधीच्या मालकाचं नाव? पहिला परवाना कुठल्या कचेरीचा? ही चीर कशी पडली, आणि ती तार कुणी बांधली? उत्तरं वहीत लिहा आणि वही परवान्याच्या कागदांसोबत ठेवा. काकूंच्या सासऱ्यांची बंदूक शिवनीच्या कुठल्या गावात मोडली, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.